बोटाने सरकणारे टॅब: फ्लटरमध्ये नागपूर मेट्रोचं सराव-अ‍ॅप

वर तीन टॅब, खाली पान, आणि अंगठा आडवा फिरवला की पुढचं पान. फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनात एवढं चालू करायला अर्धा तास पुरतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक पोरं इथेच थांबतात. सबमिशन होतं, मार्कही मिळतात. तेच अ‍ॅप दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं की मग तक्रारी सुरू होतात. ‘मी भरलेलं सगळं पुसलं गेलं.’ ‘यादी परत वरून सुरू झाली.’ ‘नकाशा सरकवून राहिलो तर पानच बदलून राहिलं ना भाऊ!’

म्हणून इथे सांगाडा झटपट उरकू आणि उरलेला वेळ या तक्रारींना देऊ. सगळ्यांच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: नजरेआड गेलेल्या पानाचं पुढे काय होतं, आणि पडद्यावर आडवं सरकलेलं बोट नेमकं कोणाचं.

सरावाला विषय आपल्या गावातलाच घेऊ. नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीकडे जाते, अ‍ॅक्वा लाइन प्रजापती नगरहून लोकमान्य नगरकडे, आणि दोघी सीताबर्डीला भेटतात. मार्च २०१९ मध्ये पहिला मार्ग सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. सारख्या वजनाच्या दोन याद्या आणि दोन्हींत असलेलं एक स्टेशन, टॅब शिकायला याहून सोयीचं काही मिळणार नाही. तिसरा टॅब ‘प्रवास’ ठेवू: कुठून, कुठे, आणि खाली टिपणासाठी एक चौकट. हे सरावाचं अ‍ॅप आहे. मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोचं चिन्ह लावून प्ले स्टोअरवर चढवायच्या भानगडीत पडू नका.

फ्लटर गूगलचं, भाषा डार्ट, पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. एकाच कोडवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही निघतात, म्हणून नवख्यांना मी तेच सुचवतो. कोटलिन भाषेत अँड्रॉइड अ‍ॅप लिहिणाऱ्यांकडे याच कामासाठी जेटपॅक कंपोझचा हॉरिझॉन्टलपेजर आहे, त्याआधीच्या पद्धतीत व्ह्यूपेजर२ आणि टॅबलेआउटची जोडी. नावं वेगळी, पण वरचे दोन प्रश्न तिथेही तसेच उभे राहतात.

विजेट म्हणजे फ्लटरमध्ये पडदा ज्यांनी बनतो ते घटक. त्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार-पाच अक्षरं टाइप केली की ऑटोकम्प्लीट अचूक स्पेलिंग पुढे करतं.

टॅब हवेतच का?

कोड लिहिण्याआधी दोन मिनिटं यावर घालवा. टॅब शोभतात ते एकाच पातळीवरच्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पानांना. ऑरेंज आधी पाहिली काय आणि अ‍ॅक्वा आधी पाहिली काय, फरक पडत नाही. तिकीट काढण्याचे टप्पे मात्र टॅबमध्ये बसवू नका. स्टेशन निवडा, प्रवासी भरा, पैसे द्या, यात क्रम आहे, आणि टॅबवर माणूस थेट तिसऱ्यावर टॅप करून पैशाच्या पानावर जाऊन बसतो. मग तिथे त्याला अडवणारा कोड लिहीत बसा.

संख्या दोन ते चार असली की बरं. अ‍ॅपचे मोठे विभाग, म्हणजे होम, शोध, प्रोफाइल वगैरे, खालच्या नेव्हिगेशन बारमध्ये टाका आणि तिथे स्वाइप देऊ नका. वरचे टॅबही सरकतात आणि खालचा बारही सरकतो असं अ‍ॅप मी वापरलंय. अंगठा नेमका कशाला हलवतोय याचा अंदाजच येत नाही.

तयारी

फ्लटर आणि व्हीएस कोड बसवा, टर्मिनलमध्ये फ्लटर डॉक्टर ही तपासणीची कमांड चालवा, तो सांगेल ते पुरवा. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर एम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनच्या, नादी लागू नका, पंखा गरगरत राहील आणि काम होणार नाही. आपला रोजचा फोन जोडा: सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं. स्वाइप ही अंगठ्याने तपासायची गोष्ट आहे, त्यामुळे एम्युलेटर उत्तम चालत असला तरी फोन लागतोच.

केबल नाही म्हणून क्रोममध्ये चालवणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी एक सूचना, नाहीतर संध्याकाळ वाया जाईल: ब्राउझरमध्ये माउसने धरून ओढलं तर टॅब सरकत नाहीत. कोड बरोबर असतो. फ्लटरने माउसची ओढ मुद्दाम बंद ठेवली आहे, कारण डेस्कटॉपवर माउसने ओढून मजकूर निवडला जातो. सरावापुरती ती चालू करायची असेल तर मटेरियलअ‍ॅपच्या स्क्रोलबिहेवियरमध्ये ड्रॅगडिव्हायसेसच्या संचात टचसोबत माउसही घाला.

सांगाडा

नवा प्रोजेक्ट करा, मेन फाइलमधला काउंटरचा नमुना पुसा आणि होम पानाची रचना अशी ठेवा:

डिफॉल्टटॅबकंट्रोलर, लेंग्थ ३
    चाइल्ड: स्कॅफोल्ड
        अ‍ॅपबार
            टायटल: ‘बर्डीला बदला’
            बॉटम: टॅबबार
                टॅब ‘ऑरेंज’
                टॅब ‘अ‍ॅक्वा’
                टॅब ‘प्रवास’
        बॉडी: टॅबबारव्ह्यू
            स्टेशनयादी, ऑरेंजची
            स्टेशनयादी, अ‍ॅक्वाची
            प्रवासपान

टॅबबार म्हणजे वरची पट्टी, टॅबबारव्ह्यू म्हणजे खालची सरकणारी पानं, आणि दोघांना एका तालात ठेवतो तो कंट्रोलर. पट्टीवर टॅप केलं की पान सरकतं, पान सरकवलं की पट्टीवरची रेघ सोबत सरकते. हे जोडकाम तुम्हाला लिहावं लागत नाही. डिफॉल्टटॅबकंट्रोलर विजेटांच्या झाडात, म्हणजे एकात एक बसवलेल्या विजेटांच्या रचनेत, वर बसतो आणि खालचे दोघे त्याला आपापले शोधून घेतात.

चालवून पाहा. मग मुद्दाम चौथा टॅब घाला आणि लेंग्थ ३ च राहू द्या. लाल पडदा येईल: कंट्रोलरची लेंग्थ आणि टॅबची संख्या जुळत नाही. हा एरर एकदा नीट वाचून ठेवा, पुढे खूप भेटणार आहे. तो कायमचा टाळायचा तर टॅबची नावं एकीकडे आणि पानं दुसरीकडे असं लिहूच नका. नाव आणि पान एकत्र ठेवणारा छोटा क्लास करा, त्याची एक यादी करा, आणि लेंग्थ, टॅब, पानं तिन्ही त्या एका यादीतून काढा. उद्या टॅब वाढला तर एकच ओळ वाढते.

स्टेशनयादी हे साधं लिस्टव्ह्यू.बिल्डर आहे, प्रत्येक ओळीला एक लिस्टटाइल. स्टेशनांची नावं कोडमध्ये सरळ देवनागरीत लिहा, डार्टला त्याचं काही वावडं नाही. नमुन्याला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ आणि ‘झिरो माइल फ्रीडम पार्क’ ही नावं यादीत जरूर असू द्या. फक्त ‘खापरी’ आणि ‘अजनी चौक’ टाकून डिझाइन केलं की सगळं छान दिसतं, आणि लांब नाव आलं की ओळ दोनात मोडून शेजारचं चिन्ह कोपऱ्यात जातं. मजकुराची हाइट १.० करायचा मोहही टाळा. इंग्रजीला ती चालते, आपल्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला घासतात. १.३ च्या आसपास ठेवली की वाचायला मोकळं वाटतं.

नजरेआडचं पान

आता पहिली तक्रार. प्रवास टॅबवर जा, ‘कुठून’मध्ये कस्तुरचंद पार्क लिहा, कीबोर्डवरचं ‘डन’ दाबा, मग ‘कुठे’ आठवेना म्हणून ऑरेंजची यादी पाहायला जा. परत या. चौकट रिकामी.

टॅबबारव्ह्यू समोर दिसणारं पानच बांधून ठेवतो. शेजारचं पान तो ओढ सुरू झाल्यावर बांधतो, आणि पडद्याबाहेर गेलेलं मोडून टाकतो. पान मोडलं की त्याची स्टेट, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेली माहिती, गेली, टेक्स्टफील्डमधला मजकूर गेला, स्क्रोल केलेली जागा गेली. परत आलात की इनिटस्टेट, म्हणजे पान सुरू होताना एकदा चालणारं फंक्शन, पुन्हा पहिल्यापासून चालतं. मेमरी वाचावी म्हणून हे असं आहे आणि मुळात ते योग्यच आहे. फक्त कोणत्या पानाला सूट द्यायची, ते तुम्ही सांगायचं असतं.

सूट देण्याचे तीन मार्ग आहेत आणि नवखे सरसकट पहिलाच वापरतात.

पहिला, पान जिवंत ठेवणं. प्रवासपान स्टेटफुलविजेट करा. त्याच्या स्टेट क्लासला ऑटोमॅटिककीपअलाइव्हक्लायंटमिक्सिन (मिक्सिन म्हणजे क्लासला उसना मिळणारा कोड) जोडा, वाँटकीपअलाइव्ह या गेटरमधून ट्रू परत करा, आणि पान बांधणाऱ्या बिल्ड फंक्शनच्या पहिल्याच ओळीत सुपर.बिल्ड बोलवा. ही तिसरी पायरीच बहुतेकांकडून राहते. ती नसली तर एडिटर पिवळी रेघ ओढून इशारा देतो, आणि पिवळ्या रेघेकडे कोण पाहतो? मग ‘मिक्सिन लावलं तरी मजकूर जातोच’ म्हणत लोक तासभर बसतात.

दुसरा, फक्त स्क्रोलची जागा लक्षात ठेवणं. लिस्टव्ह्यूला पेजस्टोरेजकी द्या, प्रत्येक यादीला वेगळ्या नावाची. पान मोडलं तरी ते परत बांधताना यादी जिथे सोडली होती तिथेच उघडते. ऑरेंज-अ‍ॅक्वाच्या याद्यांना एवढंच पुरतं, कारण त्यांचा डेटा कोडमध्येच आहे आणि पुन्हा बांधायला काही लागत नाही. दोन्ही याद्यांना एकच की दिलीत तर एकीची जागा दुसरीला लागू होईल, तेवढं सांभाळा.

तिसरा, डेटा पानात ठेवायचाच नाही. ‘कुठून-कुठे’ची मूल्यं पानाच्या वर, होमच्या स्टेटमध्ये किंवा प्रोव्हायडर, रिव्हरपॉडसारख्या साधनात ठेवली तर पान शंभरदा मोडलं तरी बिघडत नाही. खऱ्या अ‍ॅपमध्ये मी हाच मार्ग धरतो. मात्र पहिल्या मार्गासारखाच हाही अ‍ॅप चालू आहे तोवरच टिकतो. मध्येच फोन आला, माणूस दहा मिनिटं बोलला, तेवढ्यात अँड्रॉइडने मेमरीसाठी अ‍ॅप बंद केलं, तर जिवंत ठेवलेलं पानही गेलं. महत्त्वाचा मजकूर असेल तर तो डिस्कवर लिहा.

सगळ्या टॅबांना कीपअलाइव्ह लावून मोकळं होणं मात्र चांगलं नाही. फोटोंची जाळी किंवा व्हिडिओ असलेली चार पानं एकदा पाहून झाली की चारही मेमरीत ठाण मांडून बसतात, आणि स्वस्तातला फोन धापा टाकायला लागतो.

याच वागण्याची दुसरी बाजू इंटरनेटवरून डेटा आणताना दिसते. शेजारचं पान जरासं डोकावलं तरी ते बांधलं जातं, म्हणजे त्याच्या इनिटस्टेटमधली सर्व्हर कॉल लगेच सुटते. माणसाने बोट थोडं सरकवून परत आणलं तरी कॉल गेलेलीच असते, आणि पुन्हा डोकावला की पुन्हा जाते. फ्युचरबिल्डर वापरत असाल आणि फ्युचर, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची पावती, बिल्डच्या आतच तयार करत असाल तर हाल आणखी वाईट, कारण प्रत्येक बिल्डला नवी कॉल. फ्युचर इनिटस्टेटमध्ये एकदाच बनवा, किंवा मिळालेला डेटा पानाच्या वर साठवा. स्पिनर दर स्वाइपला फिरताना दिसला की इथेच शोधायचं.

सीताबर्डीवर टॅप

दोन्ही याद्यांत सीताबर्डीची ओळ आहे. ऑरेंजमधली ओळ दाबली की अ‍ॅक्वाचा टॅब उघडावा, असं करू. लिस्टटाइलच्या ऑनटॅपमध्ये डिफॉल्टटॅबकंट्रोलर.ऑफ(कॉन्टेक्स्ट) मिळवायचा आणि त्यावर अ‍ॅनिमेटटू(१) बोलवायचं. मोजणी शून्यापासून, म्हणून ऑरेंज ०, अ‍ॅक्वा १.

हे यादीच्या पानातून बिनबोभाट चालतं. तेच बटण होम पानाच्या स्कॅफोल्डवर तरंगतं ठेवलंत की ‘डिफॉल्टटॅबकंट्रोलर सापडला नाही’ असा एरर येतो, तो तर समोरच लिहिलेला असताना. कारण ‘ऑफ’ झाडात वरच्या दिशेने शोधतो. ज्या बिल्डमध्ये तुम्ही कंट्रोलर तयार करताय, त्या बिल्डचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे झाडातली त्याची जागा, कंट्रोलरच्या वर आहे, खाली नाही. मध्ये एक बिल्डर विजेट घाला आणि त्याने दिलेला कॉन्टेक्स्ट वापरा, किंवा स्कॅफोल्ड वेगळ्या विजेटमध्ये काढा. दुसरा उपाय जास्त स्वच्छ.

पहिल्या टॅबवरून थेट तिसऱ्यावर टॅप केलं की मधलं पान झर्रकन जाताना दिसत नाही, हेही पाहून ठेवा. फ्लटर तात्पुरती अदलाबदल करून तिसरं पानच शेजारी आणतं. पट्टीवरची रेघ तेवढी मधून जाते. सरकण्याचा वेळ ३०० मिलीसेकंद असतो. तो अ‍ॅनिमेशनड्युरेशनने बदलता येतो, पण बदलण्याची गरज मला तरी पडलेली नाही.

कधीतरी तुम्हाला ‘आता कोणता टॅब उघडा आहे’ हे कोडला कळायला हवं असतं. समजा अ‍ॅपबारचा रंग लाइनप्रमाणे बदलायचाय. तेव्हा स्वतःचा टॅबकंट्रोलर बनवा: स्टेट क्लासला सिंगलटिकरप्रोव्हायडरस्टेटमिक्सिन, इनिटस्टेटमध्ये कंट्रोलर, त्याला व्हीसिंक म्हणून धिस, आणि डिस्पोजमध्ये त्याची विल्हेवाट. मग अ‍ॅडलिसनरने लिसनर जोडा, म्हणजे टॅब बदलला की चालणारं फंक्शन. टॅबवर टॅप केलं की हा लिसनर दोनदा वाजतो, सरकणं सुरू होताना आणि संपल्यावर. बोटाने सरकवलं तर पान स्थिरावल्यावर एकदाच. म्हणून लिसनरच्या सुरुवातीलाच इंडेक्सइजचेंजिंग ट्रू असेल तर परत फिरा. नाहीतर टॅब पाहिल्याची नोंद कुठे पाठवत असाल तर टॅप करणारे दुप्पट दिसतील. आणखी एक, कंट्रोलर इनिटस्टेटमध्ये असल्यामुळे लेंग्थ बदलून हॉट रीलोड (स्टेट न पुसता बदल आत घेणं) केलं तर काहीच होत नाही. हॉट रीस्टार्ट, म्हणजे अ‍ॅप पहिल्यापासून सुरू, करावं लागतं.

बोट कोणाचं?

आता खरी गंमत. बोट पडद्यावर टेकलं की फ्लटर लगेच ठरवत नाही की हा टॅप आहे, खाली-वर स्क्रोल आहे की आडवा स्वाइप. त्या जागेखालचे सगळे इच्छुक आखाड्यात उतरतात. रेल्वे स्टेशनबाहेर प्रवासी दिसला की चार ऑटोवाले पुढे येतात आणि ज्याने आधी बॅग उचलली त्याची सवारी, तसंच. उभी यादी खाली-वरचं अंतर मोजते, टॅबबारव्ह्यू आडवं अंतर मोजतो, आणि साधारण १८ लॉजिकल पिक्सेलचा उंबरठा जो आधी ओलांडेल त्याला पूर्ण हालचाल मिळते. एकदा मिळाली की बोट उचलेपर्यंत ती त्याचीच.

हे कागदावर ठीक वाटतं. पण गर्दीच्या मेट्रोत उभं राहून पाहा: एक हात दांडीला, दुसऱ्या हातात फोन, आणि त्याच हाताचा अंगठा काम करतोय. अंगठा सरळ आडवा जात नाही. बुडापासून कमान काढत खालून वर जातो. सुरुवातीची हालचाल उभी निघाली तर यादीच जिंकते, आणि माणूस म्हणतो, ‘स्वाइप अडकतो’. यावर कोडमध्ये झगडू नका. पट्टीवरचे टॅब नीट दाबता येतील एवढे मोठे ठेवा, म्हणजे स्वाइप हुकला तरी टॅप आहे. स्वाइपकडे मी नेहमी जोडरस्ता म्हणूनच पाहतो. ज्या अ‍ॅपमध्ये एखाद्या पानावर फक्त स्वाइपनेच पोचता येतं, ते अपुरं समजा.

आडवे दोन जण एकमेकांत आले की गोष्ट बिघडते. टॅबच्या पानात आडवी सरकणारी चिप्सची ओळ ठेवली, तर त्या ओळीवर बोट ठेवल्यावर आतली ओळ जिंकते, आणि ती शेवटाला पोचली तरी उरलेली ओढ बाहेरच्या टॅबला देत नाही. चिप्सची ओळ बारीक असेल तर चालून जातं, माणूस खालून सरकवतो. पण यादीतली ओळ बाजूला सरकवून पुसायची सोय, म्हणजे डिसमिसिबल, टॅबच्या आत ठेवू नका. प्रत्येक ओळीवर आतलाच जिंकणार आणि टॅब सरकवायला जाणारा माणूस नकळत नोंदी पुसत बसणार. पुसायला ओळीच्या टोकाला तीन ठिपक्यांचा मेन्यू द्या. टॅबच्या आत टॅब, दोन्ही सरकणारे, हे तर करूच नका.

आणि नकाशा. चौथा टॅब म्हणून गूगल नकाशा टाकलात की दोन टोकं समोर येतात. काहीच न करता ठेवला तर आडवी ओढ टॅब घेतो, आणि नकाशा पूर्व-पश्चिम सरकवता येत नाही. अ‍ॅक्वा लाइन तर नेमकी त्याच दिशेने जाते. नकाशाच्या जेस्चररेकग्नायझर्समध्ये ईगरजेस्चररेकग्नायझर दिलात तर नकाशा सगळंच गिळतो. मग त्या पानावरून स्वाइपने बाहेर पडता येत नाही, वरचा टॅब दाबावा लागतो. मधला मार्ग म्हणजे नकाशाचा टॅब उघडा असताना टॅबबारव्ह्यूच्या फिजिक्सला नेव्हरस्क्रोलेबलस्क्रोलफिजिक्स देणं. परिणाम तोच, फक्त तो तुम्ही ठरवून केलेला असतो. माझं मत विचाराल तर नकाशा टॅबमध्ये नकोच. अ‍ॅपबारमध्ये नकाशाचं चिन्ह ठेवा आणि तो स्वतंत्र पान म्हणून उघडा. तिथे बोट पूर्ण त्याचंच.

फोनच्या कडेचाही हिशेब धरा. अँड्रॉइड १० पासून जेस्चर नेव्हिगेशन चालू असलेल्या फोनवर डाव्या किंवा उजव्या कडेतून आत ओढलं की सिस्टिम ‘मागे’ समजते. ती ओढ अ‍ॅपकडे पोचतच नाही. पहिल्या टॅबवर असं झालं की अ‍ॅपच बंद होतं आणि माणूस ‘क्रॅश झालं’ म्हणतो. यावर उपाय करण्याच्या मागे लागू नका, फक्त तक्रार ओळखता आली म्हणजे झालं.

दिसणं

फ्लटर ३.१६ पासून मटेरियल ३ आपोआप चालू असतं. त्यात निवडलेल्या टॅबखालची रेघ शब्दाएवढीच असते. पूर्ण टॅबभर रेघ हवी असेल तर टॅबबार.सेकंडरी वापरा. टॅब जास्त झाले आणि इजस्क्रोलेबल ट्रू केलं की पट्टी डावीकडे ५२ पिक्सेल मोकळी जागा सोडून सुरू होते, आणि सगळे विचारतात हे भोक कुठून आलं. टॅबअलाइनमेंटला स्टार्ट द्या, जाईल.

नावं आखूड ठेवा. साधारण ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर तीन टॅबांना प्रत्येकी १२० मिळतात. दोन्ही बाजूंचे १६-१६ वजा जाता शब्दाला उरतात ८८. ‘अ‍ॅक्वा लाइन’ नेहमीच्या अक्षरात बसतं, पण घरातल्या मोठ्यांच्या फोनवर अक्षर वाढवलेलं असतं. अँड्रॉइड १४ वर ते २०० टक्क्यांपर्यंत जातं. मग शब्दाचा शेवट फिकट होत नाहीसा होतो. म्हणून ‘ऑरेंज’, ‘अ‍ॅक्वा’, ‘प्रवास’ एवढंच. शब्दावर चिन्हही घातलंत तर पट्टीची उंची ४६ वरून ७२ होते, आणि यादीची जवळजवळ अर्धी ओळ हातची जाते. मी चिन्ह घालत नाही.

रंगाचं मात्र मनावर घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना झिरो माइलजवळ भर उन्हात फोन काढा आणि निवडलेला टॅब कोणता ते ओळखून दाखवा. ऑरेंज लाइन म्हणून पांढऱ्यावर नारिंगी अक्षरं आणि न निवडलेल्याला फिकट राखाडी, ही जोडी एसीच्या खोलीत देखणी दिसते आणि उन्हात दोन्ही गायब होतात. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा. नारिंगी रंग खालच्या रेघेला द्या, अक्षर गडदच असू द्या.

डोळ्यांनी न पाहता वापरणाऱ्यांसाठी टॅबबार बरंच काम स्वतः करतो. अँड्रॉइडचा पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक टॅबच्या नावासोबत कितीपैकी कितवा हेही वाचतो. फ्लटरच्या लोकलायझेशन पॅकेजमध्ये मराठी आहे, ते जोडलं की हे मराठीत होतं. टॉकबॅक चालू असताना एका बोटाचा स्वाइप पुढच्या घटकावर जाण्यासाठी राखून ठेवलेला असतो. वर टॅपचा आग्रह धरला त्याचं हे आणखी एक कारण.

हातात देण्याआधी

डीबग मोडमध्ये स्वाइप अडखळला म्हणून घाबरू नका, तो मोड मुळातच संथ असतो. प्रोफाइल मोडमध्ये खऱ्या फोनवर पाहा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६ मिलीसेकंद मिळतात, १२० वर ८. तिथेही अडखळत असेल तर शेजारच्या पानाच्या बिल्डमध्ये काहीतरी जड चाललंय, बहुतेकदा मोठे फोटो किंवा यादी बिल्डरशिवाय एकदम बांधलेली.

तपासणीची एक टेस्टही लिहून ठेवा: प्रवास टॅबवर टॅप, चौकटीत मजकूर, मग ‘डन’, ऑरेंजवर टॅप, पंपअँडसेटल (सरकणं संपेपर्यंत थांबणं), परत प्रवासवर, मजकूर आहे का. उद्या कोणी मिक्सिन काढलं तर ही टेस्टच आधी ओरडेल.

शेवटचा उघडा टॅब लक्षात ठेवायचा असेल तर शेअर्डप्रेफरन्सेसमध्ये (फोनवर छोट्या नोंदी जपणारी सोय) त्याचा क्रमांक लिहू नका, ‘अ‍ॅक्वा’ असं नाव लिहा. पुढे टॅबचा क्रम बदलला की जुना क्रमांक भलत्याच पानावर नेतो. अ‍ॅप उघडताना ते नाव यादीत शोधायचं, सापडलं तर त्याची जागा इनिशियलइंडेक्सला द्यायची, नाही सापडलं तर शून्य.